अमेरिकी कॉलेजच्या महिला सॉकर संघात सहायक कोच: पहिली नोकरी आणि पहिला सीझन

जाहिरात वाचून वाटतं, दिवसभर मैदानावर शिट्टी घेऊन उभं राहायचं काम आहे. प्रत्यक्षात अमेरिकी कॉलेजचा सहायक कोच दिवसातले दीड-दोन तास मैदानावर असतो. बाकीचा वेळ लॅपटॉप, फोन आणि गाडीत जातो. पुढच्या वर्षांसाठी मुली शोधायच्या, त्यांच्या आईवडिलांशी बोलायचं, प्रतिस्पर्ध्याचे व्हिडिओ कापायचे, बस-हॉटेल ठरवायचं, जेवणाच्या पैशांचा हिशेब द्यायचा. ज्यांना निव्वळ शिकवायचं आहे त्यांनी क्लबचा रस्ता धरावा. तिथे मैदान जास्त मिळतं आणि कटकट कमी.

तरीही यायचंच असेल तर एक गोष्ट आधी पक्की करा. हेड कोच सहायक घेतो तो स्वतःची दुसरी प्रत हवी म्हणून नाही. त्याला जे जमत नाही किंवा ज्याला वेळ नाही, ते करणारं माणूस त्याला हवं असतं. ते काम बहुतेक वेळा तीनांपैकी एक असतं: गोलकीपर तयार करणं, व्हिडिओ आणि सेट पीस (कॉर्नर, फ्री किकसारख्या ठरलेल्या चाली), किंवा खेळाडूंची भरती, म्हणजे रिक्रूटिंग. ‘मला सगळंच थोडं थोडं येतं’ असं सांगणाऱ्याचा बायोडाटा बाजूला पडतो. गोलकीपिंग येत असेल तर नोकरी सगळ्यात लवकर मिळते, कारण ते शिकवणारे कमी आणि गरज प्रत्येक संघाला.

कुठल्या दारातून आत जायचं

१९७२ च्या टायटल नाइन कायद्यानंतर कॉलेजांना मुलींना खेळाच्या समान संधी द्याव्या लागल्या. अमेरिकन फुटबॉलमध्ये पुरुषांच्या जागा ढीगभर असतात. तो तोल साधायला महिला सॉकर, म्हणजे आपला फुटबॉल, सोयीचा पडला, कारण एका संघात पंचवीस-तीस मुली सामावतात. एनसीएए ही कॉलेज खेळांची मुख्य संघटना. तिच्या सगळ्यात वरच्या डिव्हिजन वनमध्येच आज महिलांचे सुमारे साडेतीनशे संघ आहेत, पुरुषांचे त्याहून बरेच कमी. खाली डिव्हिजन टू आणि थ्री, शिवाय बहुतेक लहान कॉलेजांची वेगळी संघटना एनएआयए आणि दोन वर्षांच्या कॉलेजांची एनजेसीएए.

नवख्यांनी डिव्हिजन वनच्या मोठ्या नावांमागे लागू नये. पहिलं दार बहुधा ग्रॅज्युएट असिस्टंटचं असतं, आणि अशा जागा डिव्हिजन टू, थ्री आणि एनएआयएत जास्त. तुम्ही दोन वर्षांचं मास्टर्स करता, फी पूर्ण किंवा काही अंशी माफ होते, वर थोडा भत्ता मिळतो आणि बदल्यात संघाचं काम करायचं. भत्त्यात घरभाडं निघेल असं धरू नका. जागा स्वीकारण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा: फीमाफीत उन्हाळी सत्र धरलंय का, आरोग्य विमा कोण भरणार, आणि सीझनमध्ये संध्याकाळचे वर्ग चुकले तर विभाग काय म्हणणार. तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि ऑक्टोबरमध्ये नेमका तोच नडतो.

डिव्हिजन वनमध्ये पूर्वी बिनपगारी ‘व्हॉलंटिअर कोच’ हा प्रकार होता. जुलै २०२३ पासून एनसीएएने तो वर्गच काढून टाकला. जुने सल्ले वाचून ‘एक वर्ष फुकट काम करतो’ अशी पत्रं अजून जातात. वेळ वाया घालवू नका.

लायसन्स आणि कागद

कोचिंग लायसन्स असलंच पाहिजे असा एनसीएएचा नियम नाही. पण जाहिरातीत ‘यूएस सॉकर सी किंवा वरचं असल्यास प्राधान्य’ असं सर्रास असतं. क्रम असा: ग्रासरूट्सचे छोटे कोर्स, मग डी, सी, बी, ए. ग्रासरूट्समध्ये चार-चार, सात-सात, नऊ-नऊ आणि अकरा-अकरा खेळाडूंच्या खेळाचे वेगळे कोर्स असतात. कॉलेजसाठी अकराचा आधी करा. ‘डी’ नोकरीला लागण्यापूर्वी खिशात असावं. ‘सी’ला अर्ज करताना हाताशी एक संघ लागतो, म्हणून ते नोकरीत असताना केलेलं सोपं जातं. शिवाय युनायटेड सॉकर कोचेस या संघटनेचे डिप्लोमा आहेत. गोलकीपिंगची पहिली पायरी तिथून चांगली होते.

भारतात एआयएफएफ (भारतीय फुटबॉल महासंघ) किंवा एएफसीचं (आशियाई महासंघ) लायसन्स घेतलेलं असेल तर बायोडाटात जरूर लिहा, फक्त त्यापुढे एका ओळीत सांगा की तो कोर्स किती दिवसांचा आणि कुठल्या पातळीचा होता. अमेरिकी हेड कोचला एएफसी ‘सी’ म्हणजे काय हे ठाऊक असेलच असं नाही.

याशिवाय खेळाडूंचा छळ रोखण्याबद्दलचं सेफस्पोर्टचं ऑनलाइन प्रशिक्षण, सीपीआर-एईडी-प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र आणि पार्श्वभूमी तपासणी लागते. डिव्हिजन वनमध्ये कॅम्पसबाहेर जाऊन खेळाडू पाहायच्या तर दरवर्षी नियमांची परीक्षा पास व्हावी लागते. ती झाली नसेल तर शोकेसला, म्हणजे कॉलेज कोच मुली पाहायला येतात त्या क्लब स्पर्धेला, जायचं विमानाचं तिकीट काढू नका.

व्हिसाचं गणित

मराठी घरातल्या ज्या मुली तिथे एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकत आहेत, त्यांच्यासाठी हा भाग महत्त्वाचा. शिकत असताना कॅम्पसवरचं काम सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच करता येतं. ग्रॅज्युएट असिस्टंटचं काम यात धरलं जातं, आणि सीझनमध्ये हे २० तास गुरुवारपर्यंतच संपतात. म्हणून तासांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा, आणि प्रवासाच्या दिवसांचे तास कसे मोजायचे हे हेड कोचकडून नाही, इंटरनॅशनल ऑफिसकडून लेखी घ्या. दुसरी खाच अशी की ज्या कामाला एरवी पगार दिला जातो, ते ‘सेवा’ म्हणून फुकट करणं हेही व्हिसाच्या अटींचा भंग ठरू शकतं.

पदवीनंतर १२ महिन्यांचं ओपीटी, म्हणजे विषयाशी संबंधित काम करायची परवानगी, मिळतं. स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषय असेल तर २४ महिने वाढतात, पण स्पोर्ट मॅनेजमेंटला सहसा नाही. म्हणून मास्टर्सचा विषय निवडतानाच त्याचा सीआयपी कोड (विषयाचा सरकारी क्रमांक) तपासा. पुढे एच-१बी हा नोकरीचा व्हिसा. विद्यापीठांना या व्हिसांच्या संख्येची वार्षिक मर्यादा लागू नाही, त्यामुळे लॉटरीची वाट पाहावी लागत नाही, हा कॉलेज कोचिंगचा मोठा फायदा. अडचण वेगळी येते: या कामाला विशिष्ट विषयाची पदवी लागतेच, हे विद्यापीठाने इमिग्रेशन खात्याला पटवून द्यावं लागतं. किनेसिऑलॉजी किंवा कोचिंगची पदवी इथे कामी येते, इंग्रजी साहित्याची येत नाही. सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने अमेरिकेबाहेर असलेल्यांसाठीच्या नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क आलं. लहान कॉलेज ते भरणार नाही, त्यामुळे भारतात बसून थेट अर्ज करण्याचा मार्ग जवळपास बंदच समजा.

अर्ज कधी, कसा

सीझन ऑगस्टच्या मध्यावर सुरू होतो आणि राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम फेरी, कॉलेज कप, डिसेंबरच्या सुरुवातीला होते. हेड कोच बदलतात ते नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, म्हणून सहायकांच्या जागा डिसेंबर ते फेब्रुवारीत निघतात. दुसरी छोटी लाट मे ते जुलैत येते. जाहिराती एनसीएए मार्केट आणि खुद्द विद्यापीठाच्या भरतीच्या पानावर असतात. जानेवारीत युनायटेड सॉकर कोचेसचं अधिवेशन भरतं. तिथे कॉफीच्या रांगेत जेवढ्या नोकऱ्या ठरतात तेवढ्या मुलाखतीत ठरत नाहीत. जायच्या तीन आठवडे आधी दहा-बारा कोचना पत्र लिहून पंधरा मिनिटं मागून ठेवा. आयत्या वेळी कोणाला वेळ नसतो.

अर्जासोबत बायोडाटा सगळेच जोडतात. तुम्ही त्या संघाच्या गेल्या सीझनच्या एका सामन्याचा दोन पानी अहवाल जोडा: कॉर्नर किक कशा बचावल्या, कुठे जागा सुटली, काय बदलाल. भाषा मात्र सांभाळा. ज्याच्या हाताखाली काम मागताय त्याच्या चुका मोजून दाखवायच्या नसतात. मुलाखतीत मैदानावर वीस मिनिटांचा सराव घ्यायला सांगतात. अशा वेळी लोक तीन ड्रिल कोंबतात आणि मुली निम्मा वेळ सूचना ऐकत उभ्या राहतात. एकच ड्रिल घ्या, पहिला चेंडू मिनिटभरात फिरू द्या, आणि खेळ थांबवाल तो दोनदाच.

रिक्रूटिंग: नोकरीचा खरा जीव

डिव्हिजन वनमध्ये मुलीशी फोन, मेसेज, ईमेल सुरू करता येतं ते तिची दहावी संपल्यावर, १५ जूनपासून. कॅम्पसला बोलावणं त्यानंतरच्या १ ऑगस्टपासून. त्याआधी नववीतली मुलगी तुम्हाला कितीही पत्रं पाठवो, उत्तरात फक्त माहितीचा फॉर्म आणि कॅम्पचं पत्रक जाऊ शकतं. ‘छान खेळलीस’ एवढं लिहिलं तरी नियम मोडला. तुमच्याच कॅम्पला आलेल्या लहान मुलीपाशीही भरतीचा विषय काढायचा नाही. शंका आली की नियमपालन पाहणाऱ्या कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसला विचारा, आणि तोंडी विचारलं असलं तरी नंतर ईमेल टाका. नकळत झालेली चूक स्वतःहून कळवली तर बहुतेक वेळा ताकिदीवर भागतं. तीच लपवली तर नोकरी जाते.

मुली पाहायच्या कुठे? ईसीएनएल आणि गर्ल्स अकॅडमी या दोन क्लब लीगच्या शोकेसमध्ये, शिवाय सॅन दिएगोचा सर्फ कप, रिचमंडचा जेफरसन कप अशा स्पर्धांत. एकाच संकुलात वीस मैदानं, सकाळी आठपासून सामने. यादी न करता गेलात तर दिवस फुकट.

यादी अशी करतात. एका कागदावर चार रकाने, प्रत्येक पदवीवर्षाचा एक. संघातल्या मुली जागेनुसार त्यात भरा. डावी बॅक दोघीही एकाच वर्षी बाहेर पडतायत हे लगेच दिसतं, आणि मग शोकेसमध्ये तुम्ही ‘चांगली मुलगी’ शोधत नाही, २०२८ ला शाळा संपवणारी डावखुरी बॅक शोधता. पत्र पाठवलेल्या मुलींतून आधी अशा निवडा. एका मुलीला निदान अर्धा वेळ पाहा. टिपायचं काय? पहिला स्पर्श कुठल्या दिशेला जातो, चेंडू मिळण्याआधी मान वळते का, चेंडू गमावल्यावर पुढच्या तीन सेकंदांत ती काय करते, आणि बदली म्हणून बाहेर आल्यावर बेंचवर कशी बसते. गोल किती केले ते शेवटी. पंधरा वर्षांच्या मुलींत लवकर वाढलेली मुलगी नुसत्या वेगावर गोल करते, आणि एकोणिसाव्या वर्षी सगळ्याच वेगवान असतात. भरतीतल्या बहुतेक फसगतींचं मूळ इथेच आहे.

मैदानाच्या कडेला तुम्ही कॉलेजचा टी-शर्ट घालून उभे असता, हे मुलींना आणि पालकांना दिसतं. पालक गप्पा मारायला येतील. संपर्काच्या वेळेआधीची मुलगी असेल तर नमस्कार करा आणि पुढे चला. तुटक वाटलं तरी चालेल.

पैशांची भाषा आधी शिकून घ्या, कारण पालकांचा पहिला प्रश्न तोच असतो. डिव्हिजन टूमध्ये महिला सॉकरला ९.९ पूर्ण शिष्यवृत्त्यांएवढी रक्कम वाटता येते. समजा, कॉलेजचा वर्षाचा खर्च ४०,००० डॉलर आहे, तर ३,९६,००० डॉलर झाले, आणि ते पंचवीस-तीस मुलींत तुकडे करून द्यायचे. बरीच कॉलेजं पूर्ण ९.९ भरतही नाहीत, म्हणून आपल्याकडे खरोखर किती आहेत ते हेड कोचला पहिल्याच दिवशी विचारा. डिव्हिजन वनमध्ये पूर्वी १४ ची मर्यादा होती. खेळाडूंच्या मोबदल्यावरच्या खटल्यातल्या २०२५ च्या हाउस समझोत्यानंतर तो स्वीकारलेल्या कॉलेजांत शिष्यवृत्तीची मर्यादा गेली आणि संघात २८ जणींची मर्यादा आली. म्हणजे शेवटच्या दोन-तीन जागांवर स्वखर्चाने येणाऱ्या मुलींची सोय आटली. डिव्हिजन थ्री आणि आयव्ही लीगमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नाहीच. तिथे गुण आणि घरची आर्थिक स्थिती पाहून मदत मिळते, म्हणून तिथला कोच आधी मार्क मागतो.

पात्रतेसाठी डिव्हिजन वनला १६ ठरलेले शालेय विषय आणि त्यांत किमान २.३ जीपीए लागतो. भारतातून किंवा इतर देशांतून येणाऱ्या मुलींच्या गुणपत्रिका तपासायला वेळ लागतो. त्यांची फाइल आधी सुरू करा. सीझन संपला की ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) उघडतं, आणि वर्षभर जमवलेलं गणित एका आठवड्यात मोडतं. चार रकान्यांचा कागद तेव्हा पुन्हा काढायचा.

सामन्याचा आठवडा

डिव्हिजन वनच्या बऱ्याच लीगमध्ये गुरुवार-रविवार असे दोन सामने असतात. सीझनमध्ये मुलींच्या सक्तीच्या खेळ-कामाला दिवसाला ४ आणि आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. सामना कितीही चालो, ३ तास धरतात. एक दिवस पूर्ण सुट्टी, साधारण सोमवारी. हा तक्ता भरायचं काम सहायकाकडेच येतं. व्हिडिओ बैठकही तासांत धरायची, हे विसरलं जातं.

गुरुवारच्या प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास आदल्या शनिवारीच सुरू करा, कारण रविवारी सामना आणि सोमवारी डोकं बंद असतं. शेवटचे तीन सामने पाहा, त्यांतला एक तरी त्यांनी हरलेला असावा. मुलींना दाखवायच्या क्लिप दहा-बारा, एकूण पंधरा मिनिटांच्या आत. तुम्ही चाळीस कापल्या असतील, तीस फेकून द्या. मुलींना लक्षात राहतात त्या तीन गोष्टी: त्यांची धोकादायक खेळाडू कोण आणि कुठल्या पायाने खेळते, त्या चेंडू कुठून बाहेर काढतात, आणि कॉर्नरला कोण कुठे धावतं.

सेट पीसचा कागद लॅमिनेट करा, पाऊस असतोच. त्यावर फक्त दोन चित्रं, आपला कॉर्नर आणि त्यांचा. खाली कोणी कोणाला धरायचं त्या जोड्या. यात हमखास होणारी चूक म्हणजे बदली. सहा नंबर बाहेर येते, चौदा नंबर आत जाते, आणि लगेच पडलेल्या कॉर्नरला सहा नंबरची जोडी मोकळी सुटते. म्हणून बदली खेळाडू टचलाइनवर उभी असताना कागद तिच्या डोळ्यांसमोर धरा आणि तिच्याकडून जोडीचा नंबर बोलून घ्या. दहा सेकंदांचं काम आहे, पण ते दुसरं कोणी करणार नाही.

बदलीचे नियमही फिफापेक्षा वेगळे. पहिल्या हाफमध्ये बाहेर आलेली मुलगी त्या हाफमध्ये परत जाऊ शकत नाही, दुसऱ्या हाफमध्ये एकदाच परत जाऊ शकते. दुखापतीसारखे काही अपवाद आहेत. कोण कितव्या मिनिटाला बाहेर आली ते वहीत पेनने लिहा. फोनवर नको, बॅटरी आणि थंडी दोन्ही दगा देतात.

लहान कॉलेजात व्हॅनही तुम्हीच चालवता. विद्यापीठाची ड्रायव्हर तपासणी ऑगस्टआधी उरका, भारतीय लायसन्सवर भागत नाही. जेवणाचे पैसे रोख वाटले तर प्रत्येकीची सही त्याच वेळी घ्या. चेंडूंत हवा किती भरायची ते चेंडूवरच छापलेलं असतं. दाब मोजायचा गेज पिशवीत ठेवा, अंगठ्याने दाबून अंदाज घेऊ नका.

दुखापत, वजन आणि अंतर

गुडघ्याच्या एसीएल लिगामेंटची दुखापत मुलींना मुलांपेक्षा जास्त होते. फिफा ११+ हा सुमारे २० मिनिटांचा वॉर्मअप आठवड्यातून निदान दोनदा नीट केला तर धोका कमी होतो. ‘नीट’ म्हणजे उडी मारून उतरताना गुडघे आत वळतायत का, हे कोणीतरी उभं राहून पाहणं. घाईत हाच वॉर्मअप कापला जातो. डोक्याला मार लागला तर मुलगी परत कधी खेळेल हे ॲथलेटिक ट्रेनर (दुखापती सांभाळणारा तज्ज्ञ) आणि डॉक्टर ठरवतात. तुम्ही नाही, हेड कोचही नाही.

वजनावर बोलायचं नाही. कौतुकानेही नाही. कमी खाऊन जास्त धावणाऱ्या मुलींची पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात, आणि त्याची सुरुवात अनेकदा कोचच्या एका सहज वाक्याने होते. तसं काही दिसलं तर ट्रेनर आणि आहारतज्ज्ञाला कळवा.

पहिल्या नोकरीत तुमचं वय खेळाडूंपेक्षा चार-पाच वर्षांनीच जास्त असतं. मैत्रीण किंवा दादा होण्याचा मोह आवरा. मेसेज संघाच्या ग्रुपवर, खाजगी भेट दार उघडं ठेवून, सोशल मीडियावर एकेकट्या मुलीशी गप्पा नाहीत, दारू तर नाहीच. व्यावसायिक महिला सॉकरमधल्या छळाबद्दलचा वकील सॅली येट्स यांचा ऑक्टोबर २०२२ चा अहवाल कामाला लागण्यापूर्वी वाचा. आणि कोणी मुलगी काही सांगायला लागली तर ‘हे आपल्यातच ठेवतो’ असं वचन देऊ नका. बहुतेक कॉलेजांत लैंगिक छळाची माहिती टायटल नाइन ऑफिसला (तोच कायदा छळालाही लागू आहे) कळवणं कोचवर बंधनकारक असतं, आणि हे तिला आधीच सांगावं.

पगार, करार आणि पुढची पायरी

सरकारी विद्यापीठांचे पगार सार्वजनिक असतात, अनेक राज्यांत नाव टाकून शोधता येतात. आधीच्या सहायकाला काय मिळत होतं ते पाहूनच आकडा बोला. डिव्हिजन थ्रीच्या अर्धवेळ जागांना वर्षाला काही हजार डॉलरच मिळतात, म्हणून तिथले बरेच जण संध्याकाळी क्लबचे संघ घेतात. उन्हाळी कॅम्पच्या कमाईतला तुमचा वाटा करारात किंवा निदान ईमेलमध्ये लिहून घ्या.

पुढची पायरी असोसिएट हेड कोच आणि मग स्वतःचा संघ. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात ॲन्सन डोरन्स २०२४ च्या ऑगस्टमध्ये, सीझन तोंडावर असताना निवृत्त झाले. त्यांचे सहायक डेमन नाहास हंगामी हेड कोच झाले, डिसेंबरमध्ये वेक फॉरेस्टला १-० ने हरवून संघाने विजेतेपद मिळवलं आणि पद त्यांच्याकडेच राहिलं. असं क्वचित होतं. एरवी हेड कोच गेला की नवा माणूस आपली माणसं आणतो, आणि सहायकाला कामगिरी चांगली असूनही सामान बांधावं लागतं. एच-१बीवर असाल तर नोकरी गेल्यावर हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात, ओपीटीवर बेकारीचे एकूण ९० दिवस. त्यामुळे संघ हरत असेल तर ऑक्टोबरपासूनच बायोडाटा ताजा ठेवा, आणि संदर्भ देऊ शकतील असे दोन कोच तुमच्या कॉलेजबाहेरचे असू द्या.